दोनाची खूण

१

शटर वर गेलं की बाबा आधी हात धुवायचे. गॅरेजातली माणसं काम संपल्यावर हात धुतात, हे कामाला लागण्याआधी धुतात, म्हणून समोरचा सायकलवाला त्यांना गमतीने डॉक्टर म्हणायचा. बाबांचं म्हणणं साधं होतं. कालचं तेल बोटांवर राहिलं तर आजची गाडी कळत नाही.

त्यांना ऐकू येत नव्हतं. सगळं आयुष्य ग्राइंडर आणि फुटक्या सायलेन्सरांच्या संगतीत गेल्यावर आधी एक कान गेला आणि मग दुसराही त्याच वाटेने गेला. तेव्हापासून इंजिनाचं दुखणं ते बोटांच्या टोकांनी ओळखत. टाकीवर तीन बोटं टेकवायची, डोळे मिटायचे आणि थोड्या वेळाने म्हणायचं, "हं." त्या हुंकाराचा अर्थ फक्त थोरलीला कळे.

थोरली म्हणजे त्यांची मोठी मुलगी. धाकटी शिकायला परगावी होती आणि आई वरच्या मजल्यावर शिवणयंत्र चालवायची. कानांचं खातं थोरलीकडे होतं. किरकिर कुठून येते, कुठला आवाज आज नवा आहे, हे ती ऐकायची आणि बाबांच्या समोर उभी राहून सावकाश सांगायची, म्हणजे त्यांना ओठांवरून कळायचं. गिऱ्हाइकं म्हणत, दोघं मिळून एक मिस्त्री आहे. आई म्हणे, हो, आणि दोघांत मिळून डोकंही एकच आहे.

पण बाबा गाडीत वाकलेले असले की ओठ कसे दिसणार? त्यासाठी खांद्याची खूण होती. थोरली त्यांच्या मागे उभी राहायची. उजव्या खांद्यावर एक टकोरा म्हणजे यंत्र चालू आहे, हात लांब ठेवा. दोन टकोरे म्हणजे बंद केलं आहे, किल्ली माझ्या खिशात आहे, हात घाला. तिचे तळवे तेलकट असायचे आणि शर्ट आईला धुवावे लागायचे, म्हणून ती टकोरे बोटांच्या उलट्या बाजूने द्यायची. बाबा मागे न बघता मान हलवायचे आणि हात आत घालायचे. त्या मान हलवण्यात इतका निर्धास्तपणा असे, की थोरलीला कधीकधी त्याचंच ओझं वाटे.

२

शिट्टीसर जवळच्या शाळेत खेळ शिकवायचे. त्यांचं हे नाव पोरांनी ठेवलं होतं आणि आता त्यांच्या घरचेही तेच वापरत असावेत. सर मोटरसायकल ढकलत आले, घामाने डबडबलेले, आणि दारात उभं राहून त्यांनी सवयीने शिट्टी फुंकली. बाबा ढिम्म हलले नाहीत. थोरली बाहेर येऊन म्हणाली, "सर, हजेरी शाळेत घ्यायची असते."

तक्रार अशी होती की गाडी धावते तोवर सगळं ठीक, पण सिग्नलला उभी राहिली की तापते. मीटरवरचा लाल दिवा लागतो आणि बाटलीतलं कूलंट उकळून बाहेर येतं. सरांना दोन शाळा सांभाळायच्या होत्या, एक गावाच्या या टोकाला आणि दुसरी त्या टोकाला, आणि मधले सिग्नल त्यांच्या बोलण्यावरून तरी अगणित होते.

थोरलीला ऐकताक्षणी अंदाज आला. गाडी धावताना समोरच्या वाऱ्याने रेडिएटर गार राहतो. गाडी थांबली की वाराही थांबतो, आणि मग रेडिएटरच्या मागचा छोटा पंखा आपोआप सुरू व्हायला हवा. तो होत नव्हता.

फ्यूज शाबूत होता. पंख्याच्या तारा सोडवून थेट बॅटरीला लावल्या तर पंखा जोरात फिरला, म्हणजे त्याची मोटर चांगली. पंख्याला वीज सोडणाऱ्या रिलेचा 'टक' थोरलीने कान लावून ऐकला. मग तापमान ओळखणाऱ्या सेन्सरचं कनेक्टर उघडून तिथे तारेचा तुकडा जोडला. आता पंखा फिरायलाच हवा होता, आणि तो फिरला नाही. उरली रिलेपासून पंख्यापर्यंतची मधली तार. बाबांनी ती चिमटीत धरून हळूहळू सरकवत नेली आणि हँडलच्या मानेपाशी थांबले. वरून प्लॅस्टिक अखंड होतं, पण हँडल वळून वळून आतलं तांबं तुटलं होतं.

"हं," बाबा म्हणाले.

तार जोडली. इंजिन चालू करून तापू दिलं आणि ठरलेल्या जागी तापमानाचा काटा पोचताच पंखा घरघरत सुरू झाला. सरांनी टाळ्या वाजवल्या.

एक काम राहिलं होतं. पंख्याचं पातं धरून ते हलतं का, कुठे घासतं का, हे बाबा प्रत्येक वेळी हाताने बघत. रेडिएटर आणि इंजिन यांच्यातली फट इतकी अरुंद की हात आत नेताना अंगठा तळव्यात दुमडावा लागे आणि बाहेर काढतानाही तसाच. शिवाय हा पंखा लबाड. किल्ली काढली तरी इंजिन तापलेलं असेल तर तो मनाला येईल तेव्हा सुरू होतो. म्हणून बॅटरीची तार सोडवल्याशिवाय थोरली दोनाची खूण देत नसे.

तिने इंजिन बंद केलं. पंखा अजून फिरत होता. बॅटरीसाठी पाना आणायला ती टेबलाकडे गेली. पाठीमागची घरघर थांबलेली तिला जाणवली. पाना घेऊन ती वळली तेव्हा बाबांचा हात मनगटापर्यंत आत होता.

ओरडून उपयोग नव्हता. ती पुढे झाली आणि तिने त्यांच्या खांद्यावर एकच टकोरा दिला. बाबांनी अंगठा दुमडून हात बाहेर घेतला, आणि लगेच पंखा पुन्हा सुरू झाला.

थोरली समोर जाऊन उभी राहिली आणि तिने विचारलं, हात कसा घातला?

बाबांना प्रश्नच कळला नाही. "तू सांगितलंस ना," ते म्हणाले. "दोन दिलेस की."

३

याला कारणं सापडण्यासारखी होती, आणि थोरलीने ती त्याच दुपारी शोधून काढली. माणसाच्या खिशात फोन नसतानाही त्याला तो थरथरल्यासारखा वाटतो. इतकी वर्षं ज्या खांद्यावर टकोरे पडले, त्याला न पडलेलेही कधीतरी जाणवतील. बाबांच्या ॲप्रनचा पट्टाही उजव्या खांद्यावरूनच जात होता आणि सैल झाला होता. तिने तो पट्टा काढून टाकला आणि ॲप्रन त्यांच्या कमरेला बांधला. बाबांनी कारण विचारलं नाही. घट्ट बांधलास, एवढंच म्हणाले.

गॅरेजात एकच मोठा दिवा होता. त्याचं एक बटण खाली शटरपाशी आणि दुसरं वर जिन्याच्या तोंडाशी होतं. आई वरून तो दिवा घालवायची आणि लावायची, म्हणजे चहा झाला किंवा जेवायला या. त्या संध्याकाळी दिवा गेला-आला तेव्हा शिट्टीसर गाडी घेऊन कधीच गेले होते, आणि जाताना कोपऱ्यावर त्यांनी आनंदाने एक शिट्टीही फुंकली होती.

चहा पिताना बाबा आईला म्हणाले, "पोरीच्या अंगात रक्त कमी आहे का बघ. आज हात केवढा गार लागला शर्टावरून."

आई म्हणाली की मग भांडी तिलाच घासू दे, पाणी गरम आहे. बाबांना तिचे ओठ दिसले आणि ते हसले. थोरलीने आपली बोटं उलटी करून गालाला लावून पाहिली. ती चांगली गरम होती. पेला नुकताच खाली ठेवलेला, त्यामुळे तो पुरावा धरता येत नव्हता.

त्यानंतर काही दिवस बाबांच्या मागे उभी असताना ती त्यांच्या खांद्याकडे बघत राही. तिथे शर्टाशिवाय काही नव्हतं.

४

शिट्टीसर पुन्हा आले तेव्हा त्यांनी शिट्टी वाजवली नाही. गाडी टेकवून ते बाकावर बसले. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला जाड पट्टी होती.

पंखा पुन्हा बंद पडतो आहे, त्यांनी सांगितलं, पण आधीसारखा नाही. आधी तो सुरूच होत नव्हता. आता सुरू होतो, चांगला फिरतो आणि मध्येच थांबतो, आणि त्यांनी उतरून बघितलं की थोड्या वेळाने पुन्हा फिरू लागतो. बोटाचं विचारल्यावर ते ओशाळले. दुसऱ्या शाळेच्या फाटकाशी पंखा थांबला म्हणून त्यांनी इंजिन बंद केलं, किल्ली खिशात घातली आणि खाली बसून फटीत बघत होते. बोट घालण्याचा विचार नव्हता. मग घातलं, आणि पंखा फिरला. नख गेलं. डॉक्टर म्हणाले, बोट वाचलं हेच खूप.

"पण घातलं कशाला, सर?"

सरांनी पट्टीकडे बघितलं. "तेच मला कळत नाही. मागून कोणीतरी खांद्यावर केलं. दोनदा. म्हणजे कसं, शाबासकी देतात तसं नाही. आपण दारावर करतो तसं, बोटांच्या पाठीने." त्यांनी हवेत करून दाखवलं. "मला वाटलं, कोणी जाणकार आहे. म्हणतोय, घाल हात, काही होत नाही. मी मान हलवली आणि घातलं. वळून बघितलं तर फाटकाशी कोणीच नव्हतं. पोरं सगळी वर्गात."

मग ते हसले आणि म्हणाले की तेवीस वर्षं पोरांना रांगेत उभं करणारा माणूस कुणाच्या तरी टकोऱ्यावर आज्ञा पाळतो, हे कृपा करून शाळेत कळू देऊ नका. थोरलीही हसली. तिने गाडी आत घेतली.

हे तिला चमत्कारिक वाटलं ते टकोऱ्यांमुळे नाही. टकोरा कुणीही देईल. पण दोन म्हणजे 'हात घाला' हे सरांना कोणी शिकवलं होतं?

५

गाडी हातात घेण्याआधी तिने बाबांना समोर बसवलं. सरांची गोष्ट सगळी सांगितली नाही. एवढंच म्हणाली की या गाडीपुरती खांद्याची खूण नको. मी समोर येईन, किल्ली दाखवीन, मग हात घाला.

बाबांनी तिचे ओठ नीट वाचले. मग त्यांनी विचारलं, "का?"

"त्या दिवशी मी खूण दिली नव्हती."

"दिली होतीस."

"बाबा, मी टेबलापाशी होते."

"मला माझ्या पोरीचा हात कळतो," बाबा म्हणाले. ऐकू येत नसल्यामुळे त्यांचा आवाज कधी फार मोठा होई, कधी फार बारीक. आत्ता तो बारीक होता. "उलट्या बोटांचा. पहिला जरा हलका, दुसरा भक्कम. दुसऱ्या कुणाचा कसा असेल?"

पहिला हलका आणि दुसरा भक्कम, हे थोरलीला स्वतःला माहीत नव्हतं.

बाबांनी हात मांडीवर पालथे ठेवले आणि समजूत घातल्यासारखं बोलले. प्रत्येक वेळी मान वर करून तुझं तोंड बघायचं तर काम होत नाही. बोटांना जे कळत असतं ते तेवढ्यात निघून जातं. कान होते तोवर मी कानांवर विश्वास ठेवला. ते गेले तेव्हा हा खांदा होता. आता खांदाही खोटं बोलतो असं तुझं म्हणणं असेल तर सांग, मी शटर ओढतो आणि वर जाऊन तुझ्या आईला काजं करू लागतो. रागावून नाही सांगत. ज्याला काही कळत नाही त्याने गाडीत हात घालू नये, एवढंच.

ते रागावले नव्हते हेच वाईट होतं. थोरलीला दिसलं की ते खरंच वर जातील, आणि काजं करता करता महिनाभरात म्हातारे होतील. पण त्या बोटांना काही झालं तर तेही वेगळं होणार नव्हतं. सरांचं नख पुन्हा येईल. बाबांच्या बोटांची टोकं म्हणजे त्यांचे कान होते, आणि ते त्यांनी एकदा गमावले होते.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "खूण राहू दे. पण मी तुमच्या मागून हलणार नाही."

"मग झालं तर," बाबा म्हणाले.

६

दुसरा दिवस उजाडला तो धुळीचा. रस्त्यावर कुठेतरी खोदकाम चाललं होतं, म्हणून शटर अर्धं खाली ओढलं होतं आणि दिवसाही मोठा दिवा लावला होता.

सगळं पुन्हा तपासलं. फ्यूज ठीक, जोडलेली तार ठीक. रिले ठीक, सेन्सर ठीक. इंजिन तापवलं, पंखा सुरू झाला, फिरत राहिला, आणि थोरली त्याचा आवाज मन लावून ऐकत असताना थांबला. हळूहळू मंदावत नाही, एकदम. बोलता बोलता माणूस कानोसा घ्यायला गप्प होतो, तसा. काटा अजून वरच होता. तिने पंख्याच्या तारांना टेस्टचा बल्ब लावला तर तो लख्ख पेटला. म्हणजे वीज पंख्यापर्यंत पोचत होती आणि पंखा फिरत नव्हता.

याचाही अर्थ लागत होता. मोटरच्या आत वीज पोचवणारे ब्रश झिजले असतील, किंवा पातं कडेला अडकत असेल. बाबांनी समोर येऊन बल्ब बघितला आणि मान डोलावली. आता हाताने बघावं लागणार होतं.

तिने इंजिन बंद केलं आणि किल्ली खिशात टाकली. बॅटरीची तार सोडवली, तिच्या टोकाला फडकं गुंडाळलं आणि ती लांब वाकवून ठेवली. बाबा गाडीशेजारी उकिडवे बसले, डावा हात टाकीवर, उजवा फटीच्या तोंडाशी. ते खुणेची वाट बघत होते. थोरली मागे येऊन उभी राहिली.

तेवढ्यात शटरखालून शिट्टीसरांचे बूट दिसले. गाडी आज मिळेल का, ते बाहेरूनच विचारत होते. आत यायला त्यांना नको वाटत होतं हे उघड होतं. थोरलीने इथूनच सांगितलं की वेळ लागेल. त्यांना ऐकू गेलं नाही. खोदकामाचा आवाज वाढला होता. ते पुन्हा विचारू लागले. बॅटरी सुटलेली आहे, असं स्वतःला सांगत ती शटरपर्यंत गेली, वाकली आणि म्हणाली, "संध्याकाळी या, सर."

मग ती वळली.

बाबा तसेच बसले होते, पाठमोरे. त्यांच्या मागे कोणी नव्हतं. दिव्याचा उजेड थेट त्यांच्या पाठीवर पडत होता आणि निळ्या शर्टावरची एकूणएक सुरकुती दिसत होती. उजव्या खांद्यावरचं कापड जरा दबलं आणि सुटलं. मग पुन्हा दबलं, या वेळी जास्त.

बाबांनी मान हलवली. अंगठा तळव्यात दुमडला, आणि हात आत गेला.

ती आणि गाडी यांच्यात सगळं गॅरेज होतं, मध्ये टायर, मध्ये उघडलेलं एक इंजिन. हाक मारून उपयोग नव्हता. थोरलीचा हात बटणावर पडला. दिवा गेला, आला, गेला, आला.

जेवायची वेळ झाली नव्हती, पण सवय ती सवय. बाबांनी मान वर केली, दिव्याकडे बघितलं आणि हात बाहेर काढायला लागले. बोटांची टोकं निघता निघता पंखा सुरू झाला. एरवी होई तसा घरघरत नाही. एकदम, पूर्ण वेगाने.

"झाला ना सुरू?" शटरबाहेरून सर म्हणाले. त्यांचा आवाज आनंदी होता.

बाबा मागे सरकून जमिनीवर बसले. मधल्या बोटाच्या नखावर एक पांढरी रेघ उठली होती. त्यांनी ती बघितली, पंख्याकडे बघितलं, आणि मग शटरपाशी बटणावर हात ठेवून उभ्या असलेल्या थोरलीकडे बघत राहिले.

पंखा थोड्या वेळाने थांबला. बॅटरीची तार जिथे ठेवली तिथेच होती, आणि फडकंही तसंच गुंडाळलेलं होतं. थोरली मनाशी म्हणाली, शटरखालून वारा येतो. वाऱ्याने पाती फिरतात. फिरतातच. पण वाऱ्याने फिरणाऱ्या पंख्यातून मोटरचा आवाज येत नाही, आणि आवाजांचं खातं तिच्याकडे होतं.

वरून आईने जिन्यात येऊन विचारलं की खाली दिव्याशी कोण खेळतंय, भात अजून शिजायचा आहे.

७

गाडी त्याच दिवशी परत दिली. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये न्या, नवा पंखा बसवावा लागेल, आमच्याकडे मिळत नाही, असं थोरलीने सरांना सांगितलं. त्यात खोटं फारसं नव्हतं. सरांनी एक टेम्पो बोलावला, गाडी वर चढवून दोरीने बांधली, आणि स्वतः ड्रायव्हरशेजारी बसून गेले. टेम्पो वळणावर दिसेनासा झाला तेव्हा थोरलीला बरं वाटलं. काय असेल ते त्या गाडीत होतं आणि आता गाडी नव्हती. हे इतकं सरळ होतं की तिने त्यावर आणखी विचार केला नाही.

जेवताना आईने दोनदा भात वाढला, तो बाबांनी मुकाट्याने खाल्ला. खाली आल्यावर ते स्टुलावर बसले आणि उजव्या हाताची बोटं एकेक करून दाबून बघू लागले. दूधवाल्याची मोटरसायकल मधल्या स्टँडवर उभी होती. तिची साखळी आवाज करत होती म्हणून थोरलीने सकाळीच आत घेऊन ठेवलेली.

"तू शटरपाशी होतीस," बाबा म्हणाले.

तिने मान हलवली.

"खूण देऊन तिकडे गेलीस. सर आले म्हणून."

तिने तोंड उघडलं. बाबांनी हाताने थांबवलं.

"ओठांनी नको सांगू. ओठांवर काय, माणूस मनात नसलेलंही आणतो. तू मला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगशील." त्यांनी उजवा खांदा किंचित पुढे केला. "मागे ये. तूच दिली असशील तर दोन दे. नसशील तर देऊ नको. मला तेवढं पुरे आहे."

थोरली स्टुलामागे जाऊन उभी राहिली. समोर तोच निळा शर्ट होता. शिवणीपाशी आईने घातलेला बारीक टाका तिला दिसत होता. हात पुढे करून दोन टकोरे दिले की बाबांची एक पोर निष्काळजी ठरणार होती. बाकी सगळं जागच्या जागी राहणार होतं; ते आत्ता उठतील, दूधवाल्याची साखळी बघतील, आणि उद्या शटर वर गेल्यावर हात धुतील. दिले नाहीत तर ते वर जातील. शिवणयंत्राशेजारी, खिडकीच्या उजेडात, काजांचा ढीग घेऊन बसतील, आणि त्यांची दहाही बोटं शाबूत राहतील.

ती बराच वेळ उभी राहिली. बाबांनी घाई केली नाही. त्यांनी डोळे मिटले होते, टाकीवर बोटं टेकवल्यावर मिटत तसे.

मग तिने ठरवलं. दोन्ही हात तिने काखेत घट्ट धरले आणि ती एक पाऊल मागे सरली.

शर्टाचा खांदा दबला, हलकाच. आईच्या टाक्याशी कापड ताणलं गेलं आणि सैल झालं. मग पुन्हा दबला, भक्कम.

बाबांनी मागे न बघता मान हलवली.

"वाटलंच मला," ते म्हणाले. त्यांचा आवाज मोकळा झाला होता. स्टुलावरून उठून त्यांनी बाही कोपरापर्यंत दुमडली, आणि तिच्याकडे पाठ करून ते दूधवाल्याच्या गाडीवर वाकले.